बादलीतलं माप

पौडला मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो, त्यांच्या दारात चपला काढायची चोरी होती. काढल्या की घरमालक त्या उचलणार, उजेडाकडे उलट्या धरणार आणि तळ बघून तुमचा स्वभाव सांगणार. पहिल्याच दिवशी मी वळकटी खांद्यावर घेऊन दारात उभा होतो तर त्यांनी माझी उजवी चप्पल पारखली आणि म्हणाले, "टाच एकाच अंगानं झिजलीया. मनात एक असतं आन पाऊल भलतीकडं पडतं. खोली देतो, पण बोलण्यात तसलं करू नका." मला असा राग आला! मी पुण्याचा, बी.ए. झालेला, तहसील कचेरीतला कारकून. आणि हा चपलांचा दुकानदार मला अक्कल शिकवतो. पण एस.टी. स्टँडपासून इतक्या जवळ दुसरी खोली नव्हती, म्हणून गप्प बसलो. गप्प बसायची माझी सवय तशी जुनीच.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. खाली त्यांचं दुकान, मागे घर, वर मी. वडिलांपासून धंदा चपलांचा, पण तरुणपणी चाचा नेव्हीत गेले आणि तिथे पाणबुड्या झाले. पुढे डाव्या कानाचा पडदा फाटला, तेव्हा परत येऊन वडिलांच्या गादीवर बसले. मुळशीच्या धरणाच्या पाण्यात खोल उतरून परत वर येणारा त्या वेळी तो एकच माणूस. धरणाच्या दारापुढच्या जाळीत झाड अडकलं, की धरणावरून जीप यायची. कुणी बुडालं, की पोलीस यायचा. चाचा दुकानाची फळी ओढायचे आणि जायचे. मला सांगायचे, "जमिनीवर चपल, पाण्यात फिन. मधला माणूस तेवढा बिनकामाचा."

फिन म्हणजे पाणबुड्यानं पायात घालायचं रबरी पातं. गावातले लोक त्याला बदकपाय म्हणत, आणि चाचा भडकत. "बदक वर तरंगतं. मी खाली जातो. कायबी नाव ठिवता व्हय?"

चाचांचं खरं वेड हेच होतं. कोणाला कुठलं फिन बसेल याचा विचार हा माणूस दिवसभर करत असे. संध्याकाळी स्टँडवर माझ्या शेजारी बाकावर बसायचे आणि एस.टी.तून उतरणाऱ्या माणसांचे घोटे बघायचे. तलाठी उतरला की म्हणणार, "लांब पातं झेपायचं न्हाई ह्येला. पोटऱ्या बगा, नुसत्या वाती." एक जाडा कंडक्टर होता, तो पायरीवरून उडी मारायचा, त्याच्यावर चाचांचा जीव. "घोटा कसा वळतोय बगा! वाया गेला, तिकिटं फाडीत बसलाय." तहसीलदारसाहेबांना त्यांनी सगळ्यात मऊ फिन दिलं होतं, मनातल्या मनात. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "तुमाला आखूड पातं. आन त्येबी काठाकाठानं." मला पोहताही येत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी दर महिन्याला एकदा म्हणायचेच, "तुमचं फिनाचं माप एकदा घिऊन ठिवू." मी म्हणायचो, "मरायचंय का मला?" ते म्हणायचे, "माप घेतल्यानं कुणी मरत न्हाई. माप चुकल्यावर मरतं."

त्यांचे नियम ठरलेले होते. धरणाच्या तळाला गाळ. लांब पात्याचं फिन एकदा हललं की गाळ उठतो आणि मग स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून पातं आखूड आणि रुंद हवं. खाली बुडालेली झाडं उभी आहेत. म्हणून मागे पट्टा असलेलं फिन नको. "पट्ट्यात फांदी घुसली की खेळ खलास." फिन बुटासारखं, पाय पूर्ण आत जाणारं, उघड्या पायावर बसणारं हवं. आणि तसलं फिन म्हटलं की सगळं मापावर आलं. बोटं हलली पाहिजेत, टाच हलता कामा नये.

आणि म्हणून बादली. फिनाचं माप चाचा कोरड्या पायाचं कधी घेत नसत. विहिरीचं गार पाणी बादलीत काढायचं, त्यात अर्धा तास पाय सोडून बसायचं, मग खाकी कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवायची. "गार पाण्यात पाय आकसतो. दुकानात बसलेलं फिन खाली गेल्यावर निसटतं. कोरडा पाय खोटं बोलतो." धरणावर मुंबईचे दोन तरुण पाणबुडे एकदा कामाला आले होते, भारी सामान घेऊन. चाचांनी त्यांनाही बादलीत पाय घालून बसवलं. ते आधी हसले. मग एकाचं फिन खरोखरच दोन बोटं ढिलं निघालं, तेव्हा हसायचे थांबले. चाचा अर्ध्या तासात तीनदा विचारायचे, "कसं हाय पाणी?" समोरच्यानं "गार आहे" म्हटलं, की मान हलवायचे. दुसरं उत्तर त्यांना चालत नसे. पाणी कोमटलं असेल तर ओतून पुन्हा भरायला लावायचे.

असा हा पायांचा दर्दी. आणि त्याच्याच पायांना पुढे काय झालं ते सांगायला मी बसलोय. माझ्याशिवाय ते नीट सांगणारं आता कोणी उरलेलंही नाही.

मला पहिल्यांदा संशय आला तेव्हा मी हसलो होतो, हेही सांगून टाकतो. आम्ही बाजारातून येत होतो. चाचा नेव्हीतली काहीतरी गोष्ट रंगात येऊन सांगत होते. मागून भाजीवाली ओरडली, "अवं चाचा, चपल ऱ्हायली की!" बघतो तर डाव्या पायात चप्पल नाही. वीस-पंचवीस पावलं मागे रस्त्यात पडलेली, आणि हा माणूस तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी चालतोय. मला हसू फुटलं. म्हटलं, "चाचा, दुनियेच्या चपला तपासता आणि स्वतःची पडली तर पत्ता नाही!" ते हसले नाहीत. मागे गेले, चप्पल घातली, आणि घरापर्यंत तिच्याकडेच बघत चालले.

मग चाचीनं मला सांगितलं. चाची बोलायला मऊ, पण मनातलं ठेवत नसे. "डाक्टरनं साखर सांगितलीया. पायाला जपा म्हणला. तर ह्ये त्येच्यावरच वरडलं, मला सांगतोस व्हय पायाचं? रोज नमाजाआधी वजू करत्यात, पाच वेळा पाय धुत्यात, पण टाचंला भेग पडलीया त्येचा पत्ता न्हाई. तुमी जरा सांगा की. तुमचं ऐकत्याल." मी म्हटलं, सांगतो. सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो.

त्या वर्षी चाचांची नेव्हीपासूनची फिन्स फाटली. रबर वाळून टाचेपाशी चिरलं होतं. चाचा दोन दिवस जेवले नाहीत. मग मुंबईच्या एका बोटीच्या सामानाच्या दुकानातून इंग्रजी कॅटलॉग मागवला आणि माझ्यापुढे टाकला. "वाचा. आन मराठीत सांगा. गाळू नका कायबी."

मी वाचलं. पहिलं लांब पात्याचं. ते त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. दुसरं आखूड, रुंद, बुटासारखं, उघड्या पायावर घालायचं. तिसरं मागून पट्ट्याचं, आणि त्याच्या आत घालायला जाड रबरी मोजा. त्याच्याखाली लिहिलं होतं की, हा मोजा थंडीपासून आणि खरचटण्यापासून पायाचं रक्षण करतो. मी ते वाक्य दोनदा वाचलं. मुद्दाम.

"दुसरं," चाचा म्हणाले.

"चाचा, हे तिसरंही वाईट नाही. पायाला जपेल."

"मोजा घातला की पाय बहिरा हुतो. फांदी कुठं लागतीया, पाणी कुठनं वढतंय, पायाला कळाया नको? माझा एक कान गेलाय. आता पायबी बहिरं करू व्हय?"

मी कॅटलॉग मिटला.

माप घ्यायचं ठरलं त्या दिवशी रविवार होता, चैत्रातली दुपार. दुकान बंद. चाचांना स्वतःच्या पायाभोवती पेन्सिल फिरवायला वाकवत नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे. मी मोरीतून बादली उचलून आणली. आता मोरीत दोन बादल्या होत्या. एक विहिरीच्या पाण्याची, आणि दुसरी चाचीनं बंबातून काढलेल्या पाण्याची, तिची कंबर धरली होती म्हणून शेकायला. मी कडी धरून जी हाताला लागली ती आणली. उन्हाळ्यात सगळंच तापलेलं, मला काही जाणवलं नाही. चाचांनी दोन्ही पाय आत सोडले आणि कॅटलॉगमधलं फिनाचं चित्र बघत बसले.

माझ्या बोटांना पेन्सिलीचं शिसं लागलं होतं, ते धुवायला मी बादलीत हात घातला.

चटका बसला. हात झटकन बाहेर. मी चाचांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, अगदी शांत.

"गार हाय," ते म्हणाले. "व्हय ना?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. रस्त्यात पडलेली चप्पल कळली, टाचेची भेग कळली. ह्या माणसाला घोट्याखाली काही लागत नाही, आणि हा उघड्या पायानं बुडालेल्या झाडांमध्ये उतरणार. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. चाचा, पाणी कढत आहे, पाय काढा, आणि आता पाण्यात उतरणं बास करा. बस, एवढंच. माझ्याच्यानं झालं नाही. वाटलं, हे बोललो तर हा माणूस संपला. उद्यापासून स्टँडवर बसून कोणाचे घोटे बघेल हा? खोटं कशाला बोलू, मला त्यांची भीतीही वाटत होती. मी बोटं पँटला पुसली.

"हो," मी म्हणालो. "गारच आहे."

आणि लगेच वर म्हटलं, "पुरे आता चाचा, काढा, माप घेऊ." पाय बाहेर आले ते घोट्यापर्यंत लालभडक, मोजे घातल्यासारखे. त्यांनीही ते पाहिलं, मीही पाहिलं. मी पेन्सिल फिरवली. ऊन पाण्यानं पाय फुगतो, हे मला चाचांनीच शिकवलेलं. म्हणजे माप मोठं येणार, फिन ढिलं येणार. मला माहीत होतं. मी नंबर लिहिला, दुसऱ्या प्रकाराचं फिन लिहिलं, पाकीट बंद केलं आणि सोमवारी कचेरीत जाताना पेटीत टाकलं. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी गुपचूप तिसऱ्या प्रकारचं मागवलं असतं, तर दुकानदाराची चूक म्हणून खपलं असतं. पेन माझ्या हातात होतं, पण तेही सुचलं नाही. नाही, सुचलं होतं.

फिन्स आली, काळी, नवीकोरी, रबराच्या वासाची. चाचांनी घालून पाहिली. टाचेत बोट जाईल एवढी जागा होती. असलं फिन दुसऱ्या कुणाच्या पायात दिसतं, तर चाचांनी त्याचा उद्धार केला असता. स्वतःच्या पायाकडे बघून ते फक्त म्हणाले, "बसंल."

दिवाळी होऊन गेल्यावर तो निरोप आला. धरणाच्या पलीकडच्या एका वाडीतल्या म्हातारीचा मुलगा होडी घेऊन गवत कापायला गेला होता. होडी पालथी सापडली, माणूस नाही. चाचांनी फळी ओढली. मी रजा टाकून बरोबर गेलो. पाण्याला भिणारा मी, माझं काम काठावर दोर धरायचं. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ओढ, एवढंच मला शिकवलेलं.

म्हातारी काठावर बसून होती. रडत नव्हती. जो येईल त्याला एकच विचारायची, "गावंल न्हवं?" चाचा तिला म्हणाले, "आई, तुझं पोरगं तुला दिल्याबिगर मी घरला जात न्हाई." असला शब्द ते सहसा देत नसत. पहिला दिवस रिकामा गेला. वर येताना त्यांचं डावं फिन टाचेत लपलपतंय हे मला काठावरून दिसत होतं. मी म्हटलं, "चाचा, ढिलं होतंय का?" ते म्हणाले, "बरूबर हाय." मी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोराला दोन झटके बसले. मी आणि वाडीतले दोघे, आम्ही तिघांनी ओढलं. म्हातारीचा मुलगा वर आला, मागून चाचा. सगळे मुलाभोवती जमले, वाडीतल्या बाया रडू लागल्या. चाचा बाजूला दगडावर बसले आणि धापा टाकत फिन्स काढू लागले. मी दोर गुंडाळत होतो. आणि त्या गलक्यात ती म्हातारी, जिचा मुलगा समोर पडलाय, ती उठून चाचांपाशी आली.

"चाचा," ती म्हणाली, "पायातनं रगात येतंया तुमच्या."

डाव्या टाचेचं कातडं पार सोललं होतं. दोन दिवस घासून घासून आत मांस दिसत होतं. फिनातून लाल पाणी ओघळत होतं. चाचांनी त्या पायाकडे असं बघितलं, जणू कोणा गिऱ्हाइकाचा पाय आहे. "असू दे आई," म्हणाले. म्हातारीनं पदराची पट्टी फाडली आणि तिथंच खाली बसून त्यांची टाच बांधली. मी दोर हातात घेऊन उभा. जे मी सात महिने बोललो नव्हतो, ते तिनं त्या दिवशी बोलून टाकलं. लाज वाटली मला, फार वाटली.

जखम भरली नाही. हळद झाली, मलम झालं, पौडच्या डॉक्टरनं हात टेकले. माझी तेवढ्यात बदली झाली, भोरला. जाताना चाचा खाटेवर होते, पाय उशीवर, खोलीत वास. मी म्हटलं, "बरं वाटेल." पुढे चाचीचं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं, की पुण्याला सरकारी हॉस्पिटलात डावा पाय गुडघ्याखालून काढला. मी उत्तर लिहायला चार वेळा बसलो.

वर्षभरानं कचेरीच्या कामानिमित्त पौडला आलो, तेव्हा दुकानात शिरायचं धाडस झालं. चाचा स्टुलावर, शेजारी कुबडी, अंग निम्मं झालेलं. मी दारात चपला काढल्या. त्यांनी त्या उचलल्या नाहीत. चाचीनं चहा दिला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी विचारलं, "आता धरणात कोणी बुडालं तर?"

"आता पाणीच मढं वर सोडतंय," चाचा म्हणाले. "तिसऱ्या दिशी. तवर आया बसत्यात काठावर."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आणि चाचा एकदम म्हणाले, "त्या बादलीत पाणी बंबाचं हुतं."

मी कप खाली ठेवला.

"पायाला न्हाई कळलं. पर नाकाला कळलं की. बंबाच्या पाण्याला धुराचा वास येतो. नाक शाबूत हाय माझं."

"मग चाचा... मग तुम्ही गार का म्हणालात?"

"तुमी बोलाल म्हणून." ते माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. "तुमाला चटका बसला, मी बगितलं. म्हणलं, आता ह्यो बोलतोय. आता म्हणतोय, चाचा, बास करा. माझं मला म्हणवत न्हवतं. कुणीतरी म्हणायला पायजे हुतं. वाट बगितली मी. आन तुमी बोटं पँटीला पुसली."

मला रडू आलं. मी मान खाली घातली. माफ करा म्हणायचं होतं, तेही तोंडातून बाहेर पडेना. चाचांनी थोडा वेळ बघितलं आणि आत तोंड करून चाचीला हाक मारली, "बादली भरून आण गं. हिरीचं पाणी आण."

"कशाला चाचा?"

"तुमचं फिनाचं माप ऱ्हायलंय. आज घिऊन टाकू."

मी नाही म्हणू शकलो नाही. चाचीनं बादली माझ्यापुढे ठेवली. मी पँट दुमडून पाय आत सोडले. चाचांनी कानावरची पेन्सिल काढली, खाकी कागद मांडीवर पसरला, आणि नेहमीसारखं विचारलं, "कसं हाय पाणी?"

"गार आहे," मी म्हणालो.

खरोखरच गार होतं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग कुबडीचा आधार घेऊन खाली वाकले, स्वतःचा हात कोपरापर्यंत बादलीत घातला, तसाच थोडा वेळ ठेवला, आणि मगच म्हणाले, "व्हय. गार हाय."